तुलना सोडायला निघालात? मग या चुका टाळा

जालन्याकडच्या आमच्या मंडळीत मी तरुण संघाचं काम बघतो. तुलना चर्चच्या दारात चपलांबरोबर बाहेर थांबत नाही, हे इथंच कळलं. ती डोक्यावर पदर घेऊन आत येते आणि पहिल्या बाकावर बसते. म्हणून "मी आता कुणाशी तुलना करत नाही" असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी त्याची प्रार्थना जरा कान देऊन ऐकतो.

दुसऱ्याचं माप घेऊन प्रार्थनेला बसणं

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे घरोघरी लातूरच्या क्लासची चर्चा सुरू होते. घरसभेतल्या विनंत्याही तशाच: "अमक्याच्या पोरीला लागलं तसं आमच्या लेकराला लागू दे." देवापुढं आपलं लेकरू ठेवायचं, पण फूटपट्टी शेजाऱ्याची!

एक पोरगा लातूरला मेडिकल प्रवेशाची ‘नीट’ परीक्षा रिपीट करत होता. आई म्हणाली, "सर, लेकरू रोज पहाटे प्रार्थना करतंय, तरी त्याचं मन लागंना." मी त्याची प्रार्थनेची वही मागितली. डाव्या पानावर बायबलचं वचन, अक्षर सुरेख. उजव्या पानावर टेस्टचे मार्क, 720 पैकी. निळ्या पेनानं स्वतःचे आणि त्याखाली लाल पेनानं रूममेटचे. पानापानावर हेच. विचारलं तर म्हणतो, "प्रेरणा मिळते, सर."

त्याला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा 21वा अध्याय वाचायला लावला. माझी मेंढरे चार, असं येशूनं पेत्राला नुकतंच सांगितलंय, पुढं मरण कसं येणार तेही सुचवलंय. आणि पेत्र काय करतो? मागं वळून दुसऱ्या शिष्याकडं बघतो अन् विचारतो, याचं काय? उत्तर येतं, "त्याचे तुला काय? तू माझ्यामागे ये." या उत्तरात गोंजारणं नाही, म्हणून मला ते आवडतं. "देवानं तुझ्यासाठी त्याच्याहून मोठं ठेवलंय" असं व्यासपीठावरून सांगणारे मला पटत नाहीत. त्याच्याहून मोठं, म्हणजे परत तुलनाच की!

मी सांगितलं, लाल पेन ठेवून दे आणि रोज आधी रूममेटसाठी प्रार्थना कर, नाव घेऊन. काही दिवसांनी फोन आला, "सर, तोंडातून शब्दच निघंना." म्हटलं, मग हेच देवाला सांग. 73व्या स्तोत्रात स्तोत्रकार आसाफानंही मला हेवा वाटला, पाय घसरणारच होते, असं सरळ कबूल केलंय. पुढं रूममेटला एमबीबीएस मिळालं, हा परभणीला कृषीला गेला. निकालादिवशी त्यानं आधी रूममेटला फोन करून अभिनंदन केलं आणि मग पोटभर रडला. हेवा सगळा गेला का? नाही. आता हेवा डोकं वर काढू लागला की तो लगेच ओळखतो, एवढं झालंय.

खाली बघून उपकार मानणं

ही चूक मला जास्त डाचते, कारण हिला टाळ्या पडतात. साक्षीला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते मंडळीपुढं सांगायला, उभं राहायचं आणि म्हणायचं, "आमच्या गल्लीत बघा, कुणी दारूत बुडालंय, कुणी कर्जात. देवानं आम्हाला तसं ठेवलं नाही, स्तुती असो." लूकच्या 18व्या अध्यायातल्या परूश्यानंही, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्यानंही, उपकारच मानले होते, तेही मागं उभ्या असलेल्या, लोक पापी समजत त्या जकातदाराकडं बघून. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार.

एका हंगामाच्या सणाला, देवाला वाहिलेल्या पिकाच्या लिलावात, साध्या दुधी भोपळ्यावरून दोन घरांची चढाओढ लागली. बोली देवाच्या नावानं, नजर मात्र एकमेकांवर. ज्यांनी भोपळा जिंकला त्यांनी तो तिथंच बाकावर विसरून ठेवला. माझा नियम साधा आहे: साक्षीत तिसरा माणूस आणायचा नाही. आपल्याला काय मिळालं तेवढं सांगून खाली बसायचं.

रविवारपर्यंत सुटका मागणं

"एखादं जालीम वचन द्या सर, पाठ करतो." पाठ करा की, नको कोण म्हणतं? पण आहे त्यात संतुष्ट राहायला मी शिकलोय, हे प्रेषित पौलानं तुरुंगातून लिहिलं, तेही उतारवयात. तुम्हाला ते आठवड्यात हवंय.

स्टेटस बघणं बंद केलं की झालं, असं समजणं

नाही होत. जाऊबाई घरातच असतात.

कमी मिळालं म्हणजे देवाचं प्रेम कमी, असा हिशेब

मत्तयाच्या 25व्या अध्यायात धनी चाकरांना कमी-जास्त पैसे सोपवून जातो; परतल्यावर पाच हजारवाल्याला आणि दोन हजारवाल्याला तो जी शाबासकी देतो, ती शब्दाला शब्द एकच आहे. ताडून बघा.

उपवासाचे दिवस मोजणं

तिनं तीन दिवस केला म्हणून मी सात. यावर मी काही बोलत नाही.

तुलना सोडली म्हणून प्रयत्नही सोडणं

हे आळशांचं आवडतं. प्रत्येकानं आपापल्या कामाची परीक्षा करावी, असं पौलाच्या गलतीकरांस पत्रात आहे. म्हणजे परीक्षा आहेच. शेजाऱ्याला सोयाबीनचा उतारा जास्त आला तर बियाणं कोणतं, पेरणी कधी केली, हे खुशाल जाऊन विचारा. येताना त्याच्या ट्रॅक्टरची किंमत काढू नका.