वेल्समध्ये कॉटेज घेऊन आठवडा कसा काढावा

कॉटेजच्या जाहिरातीत सगळ्यात वर खिडकीतून दिसणारा डोंगर असतो. तुम्ही आधी स्वयंपाकघराचा फोटो मोठा करून बघा. शेगडी गॅसची आहे की इंडक्शनची? ॲल्युमिनियमचा कुकर इंडक्शनवर चालत नाही, आणि भिजून आलेल्या मुलांना संध्याकाळी सातला गरम वरणभात देता यावा यासाठीच तर हॉटेल सोडून घर घ्यायचं.

घर कुठे घ्यावं

उत्तर वेल्समधलं एररी, म्हणजे आपल्याला स्नोडोनिया या नावानं माहीत असलेलं राष्ट्रीय उद्यान, दोन हजार चौरस किलोमीटरहून मोठं आहे. सगळं एका आठवड्यात बघायचा हट्ट धरू नका. सोबत लहान मुलं आणि आजी-आजोबा असतील तर पोर्थमाडॉग किंवा शेजारचं क्रिकिएथ गाठा. लानबेरिस हे अर विद्वा, म्हणजे स्नोडन, या शिखराच्या पायथ्याशी आहे खरं, पण ढग उतरले की शिखर दिसत नाही, आणि समुद्रही तिथून लांब. पोर्थमाडॉगला समुद्र, किल्ले आणि दोन छोट्या आगगाड्या हाताशी असतात.

उन्हाळ्यात बरीच घरं शुक्रवार ते शुक्रवार किंवा शनिवार ते शनिवार अशीच मिळतात. शाळांना सुट्टी लागली की भाडी चढतात, त्यामुळे मुलं शाळेत जात नसतील तर जूनचा मध्य गाठावा. पैसे भरण्याआधी मालकाला तीन गोष्टी विचारा: चादरी-टॉवेल भाड्यात आहेत का, गाडी दारापर्यंत येते का, आणि पोस्टकोड टाकला तर घर सापडतं का. खेड्यात एकाच पोस्टकोडमध्ये चार शेतं येतात, आणि रात्री दगडी भिंतींच्या अरुंद रस्त्यावर गाडी मागे घेणं कठीण.

काय न्यावं

मिसळणाचा डबा, तूरडाळ, पोहे, हिंग घरून न्या. दूध-भाजी वाटेत घ्या, पण शनिवारीच. रविवारी मोठी सुपरमार्केट जेमतेम सहा तास उघडी असतात. फोडणी देण्याआधी खिडकी उघडा. पहिल्या संध्याकाळी आमच्या मोहरीनं धुराचा अलार्म असा काही बोंबलवला, की शेजारच्या शेतातल्या मेंढ्यासुद्धा वळून बघू लागल्या. पांढऱ्या ओट्यावर हळद सांडू देऊ नका. उष्टं-खरकटं वेगळ्या छोट्या डब्यात टाकायचं असतं. कचऱ्याचं वर्गीकरण इथे मनावर घेतात, म्हणून भिंतीवरची सूचना वाचा.

गाडी चालवताना

सप्टेंबर २०२३पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैलांची मर्यादा आहे. रस्त्यावर पांढऱ्या मोठ्या अक्षरांत एक वेल्श शब्द दिसेल, त्याचा उच्चार साधारण ‘आरव’. अर्थ, हळू. घरात कुणी आरव असेल तर त्याचा आठवडा पहिल्याच वळणावर सार्थकी लागतो.

रोज एकच ठिकाण

पावसाची वाट बघू नका, तो येतोच. शिखराजवळच्या क्रिब गॉख या कड्यावर वर्षाला सरासरी साडेचार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. महाबळेश्वरचा पाऊस चार महिन्यांत आटोपतो, हा बारमाही. वाऱ्यात छत्री उलटी होते. टोपीचा रेनकोट आणि माणशी दोन जादा मोजे घ्या.

भिजक्या दिवसासाठी आगगाडी राखून ठेवा. पोर्थमाडॉग ते ब्लायनाय फेस्टिनिओग ही अरुंद रेल्वे १८३६ साली पाटीच्या दगडासाठी सुरू झाली. भरलेल्या वाघिणी उतारावरून आपोआप खाली येत आणि रिकाम्या घोडे वर ओढत. खाली येताना घोडेही एका वाघिणीत बसून येत, हे मुलांना आवर्जून सांगा. माथेरानच्या गाडीत बसलेल्यांना रुळांची रुंदी ओळखीची वाटेल.

पोर्थमाडॉगच्याच स्टेशनातून दुसरी गाडी बेथगेलर्टला जाते. तिथे नदीकाठानं सपाट पायवाटेवर थोडं चाललं की गेलर्ट नावाच्या कुत्र्याची समाधी लागते. राजा बाहेरून येतो, कुत्र्याच्या तोंडाला रक्त बघून त्याला मारतो, आणि मग बाळ सुखरूप सापडतं, शेजारी मेलेला लांडगा. पंचतंत्रातली मुंगसाची गोष्ट! ही समाधी अठराव्या शतकाच्या अखेरीस एका खानावळवाल्यानं गिऱ्हाईक वाढवायला रचली असं म्हणतात. आमच्या आजींचे डोळे तरीही पाणावले.

कोरड्या दिवशी जेवणाचे डबे घेऊन ब्लॅक रॉक सँड्सच्या पुळणीवर जा. तिथे गाडी वाळूवर नेता येते, पण भरती-ओहोटीच्या वेळा बघूनच. ऊन असेल तेव्हाच हार्लेखचा किल्ला बघा, कारण वर छप्पर नाही.

अर विद्वा हे १,०८५ मीटरचं शिखर कळसूबाईहून बुटकं आहे म्हणून हलक्यात घेऊ नका. लानबेरिसची सर्वांत सोपी वाट जाऊन-येऊन नऊ मैलांची आहे. लहान मुलं असतील तर १८९६पासून धावणारी दातेरी रुळांची गाडी आधीच राखून ठेवा. वारा वाढला की तीही माथ्यापर्यंत जात नाही.

निघताना

घर साधारण सकाळी दहापर्यंत सोडायचं असतं. आदल्या रात्री उरलेल्या भाज्यांची खिचडी करा, फ्रीज रिकामा करा, आणि कुलूप लावण्याआधी कुकरची शिट्टी सिंकजवळ राहिली नाही ना, ते बघा.