रस्त्याचं पाणी घरात येतंय? तक्रार अशी करा

परभणीकडच्या एका गावात माझ्या मावशीचं माळवदाचं घर आहे. गल्लीत आधी खडी होती, मग डांबर पडलं आणि पुढे ते न उकरताच वरून सिमेंट ओतलं. दर वेळी रस्ता वर चढला, घराचं जोतं होतं तिथंच राहिलं. आता जोराचा पाऊस झाला की गल्लीचं पाणी उंबरा ओलांडून ओसरीत येतं. मावशीनं चार अर्ज दिले. चारही अर्जांत एकच वाक्य होतं, 'पाणी घरात येते, योग्य ती कार्यवाही व्हावी.' काहीच झालं नाही. पाचवा अर्ज आम्ही मोजमाप घेऊन लिहिला, तेव्हा इंजिनिअर गल्लीत आले. तो अर्ज कसा केला, ते सांगते.

आधी रस्ता कोणाचा, ते शोधा. राष्ट्रीय महामार्ग असेल तर १०३३ वर फोन करता येतो. राज्य महामार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सहसा सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात, तर इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण रस्ते जिल्हा परिषदेकडे. शहरातल्या गल्ल्या नगरपरिषद किंवा महापालिकेच्या, गावातल्या ग्रामपंचायतीच्या. रस्त्याच्या तोंडाशी फलक असेल तर त्याचा फोटो काढा. त्यावर योजना, खर्च, गुत्तेदाराचं नाव असतं. प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेचा रस्ता असेल तर पहिली ५ वर्षं देखभाल त्याच गुत्तेदाराकडे असते. फलक नसेल तर माहिती अधिकारात १० रुपये भरून अंदाजपत्रक आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती) प्रत मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. अंदाजपत्रकात नाली आहे आणि जागेवर नाही, असं निघालं तर तुमच्या तक्रारीचं वजनच बदलतं.

मग मोजा. सगळ्यात जास्त उपयोग याचाच होतो. गवंड्याकडची पारदर्शक लेव्हल नळी घ्या, तिच्यात पाणी भरा आणि आतली हवा निघू द्या. एक टोक रस्त्याच्या मधोमध, दुसरं उंबऱ्याशी उभं धरा. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीला थांबतं. तिथून खाली जमिनीपर्यंत टेपनं मोजा, दोन मापांतला फरक हाच उतार. मावशीच्या दारात रस्ता ११ इंच वर निघाला. हा आकडा कागदावर आला की 'पाऊसच जास्त झाला' हे उत्तर टिकत नाही.

पाण्याचाही हिशोब मांडा. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात. तेवढ्या पावसात १०० मीटर लांब, ६ मीटर रुंद रस्त्यावर ३९,००० लिटर पाणी पडतं. १०,००० लिटरचे जवळपास चार टँकर. उन्हाळ्यात ज्या गल्लीत एका टँकरसाठी रांग लागते, तिथं हा आकडा कोणालाही लगेच कळतो.

पुरावा पावसातच गोळा करावा लागतो. पाणी कुठून वळतं आणि कुठं तुंबतं, त्याचा तारीख-वेळेसह व्हिडिओ काढा. भिंतीवर पाणी चढलं तिथं खडूची रेघ मारा. नुकसान झालं असेल तर चिखल काढण्याआधी तलाठ्यांना कळवून पंचनामा मागा. आपल्याकडची काळी माती पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. जोत्याला तडे गेले असतील तर त्यांचेही फोटो लावा.

आपली बाजूही तपासा. दारापुढचा ओटा किंवा गाडीचा उतार नालीवर आला असेल तर तो आधी मोकळा करा. कायद्यातला एक मुद्दाही लक्षात असू द्या. वरच्या जमिनीवरून नैसर्गिकपणे वाहत येणारं पाणी खालच्याला येऊ द्यावं लागतं, १८८२ च्या ईझमेंटच्या कायद्यात तसं आहे. म्हणून तक्रार पावसाची करू नका. रस्ता उंचावून, रस्त्याखालची मोरी बुजवून किंवा पाइप तुमच्याकडे काढून पाणी वळवलं, हे लिहा.

अर्जात मागणी नेमकी असू द्या: 'सर्व्हे करून रस्त्याच्या उत्तर बाजूने नाली बांधावी आणि ती शाळेमागच्या ओढ्याला जोडावी.' शेजाऱ्यांच्या सह्या घ्या, एक प्रत वरच्या कार्यालयाला द्या आणि शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय उठू नका.

दाद मिळाली नाही तर राज्य सरकारचं ऑनलाइन तक्रारीचं 'आपले सरकार' पोर्टल आहे. अधिकारी लोकांच्या तक्रारी ऐकतात तो लोकशाही दिनही आहे. तालुक्याचा महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी असतो, जिल्ह्याचा पहिल्या. वावरातला नैसर्गिक प्रवाह कोणी बेकायदा अडवला असेल तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली ६ महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जाता येतं. सरकारवर दिवाणी दावा करायचा तर सहसा आधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. तिथं मात्र वकील गाठा.

काम मंजूर झालं तरी लक्ष काढू नका. नालीवर ढापे बसायच्या आधी तिच्यात दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठवर जातं, ते चालत जाऊन बघा. मावशीच्या गल्लीत ते आठ फुटांवरच थांबलं. तळ उकरून उतार पुन्हा काढायला लावला, मगच ढापे बसू दिले.