सुरी आणि वस्तरा, दोन्हीसाठी वॉटर स्टोन (पाणी लावून धार करायचे दगड) कोणते घ्यावेत?

सगळे दगड एकदम घेऊ नका, आधी १००० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा जितका मोठा, तितका दगड बारीक) एक चांगला घ्या, कारण सुरी असो की वस्तरा, मूळ धार बसते ती इथेच आणि ती नीट बसली नाही तर पुढचे महागडे दगड फुकट. सुरीला त्यानंतर ३००० फार तर ६००० पुरे, टोमॅटो कापायला आरशासारखी चकाकी काय करायचीय? वस्तऱ्याचं तसं नाही, त्याला ८००० आणि शक्यतो १२००० लागतोच, शिवाय शेवटी चामड्याचा पट्टा, नाहीतर गालाची आग आग होते.

आता खरी मेख. सुरी आपण १५-२० अंशात हाताने धरतो, दाब देतो, त्यामुळे दगडाला मधे खोलगा पडतो. वस्तरा मात्र पाठ आणि धार दोन्ही टेकवून सपाट फिरवायचा असतो, खोलगट दगडावर त्याची वाट लागते. म्हणून ८०००-१२००० चे बारीक दगड फक्त वस्तऱ्यासाठी ठेवा (घरच्यांनाही सांगून ठेवा!) आणि १००० वाला डायमंड प्लेटवर (हिऱ्याचे कण बसवलेली सपाट पट्टी) घासून सपाट करत राहा. किंग ब्रँडसारखे दगड आधी भिजवावे लागतात, शॅप्टन ब्रँडच्या दगडावर नुसतं पाणी शिंपडलं की काम सुरू, मला तरी तेच सोयीचं वाटतं.