दिवस गेल्यावर शनिवार-रविवारची भटकंती : या चुका टाळा

चौथा महिना लागला, उलट्या थांबल्या, जेवण पचू लागलं की दोघांनाही घराबाहेर पडावंसं वाटतं. पडावंच. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली नसेल तर १४ ते २८ आठवडे हा फिरायला सगळ्यात बरा काळ. घोळ होतो तो बेत आखताना.

अंतर पाहून ठिकाण ठरवणं

पुण्याहून महाबळेश्वर साधारण १२० किलोमीटर, "तीन तासांत पोचू" असं नवरोबा म्हणतात. जोडून सुट्टी आली की पसरणी घाटात गाड्यांची रांग लागते आणि तीनाचे पाच तास कधी होतात कळत नाही. दर तासाला लघवीला लागणाऱ्या बाईला घाटात उतरायला जागा कुठे आहे? तेव्हा किलोमीटरऐवजी वाटेतली बरी स्वच्छतागृहं मोजा आणि जमलं तर मधल्या वारी रजा टाका. दीड-दोन तासांनी उतरून पाच मिनिटं चालायचं, कारण या काळात पायांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढलेला असतो.

काचतो म्हणून सीटबेल्ट सोडून बसणं तर मुळीच नको. आडवा पट्टा पोटाच्या खालून, कमरेच्या हाडांवर. तिरका पट्टा छातीच्या मधून पोटाच्या कडेने.

माथेरान जवळ वाटतं, पण गाडी दस्तुरी नाक्यावरच थांबते. तिथून पुढे घोडा नकोच. मिनी ट्रेन किंवा ई-रिक्षा चालू आहे का, हे निघण्याआधी विचारा. रायगडाचा रोपवे पायऱ्या वाचवतो, पण वर पोचल्यावर गड पायीच पाहायचा असतो, तोही उन्हात. पाचगणीचं पॅराग्लायडिंग, मालवणचं स्कुबा, समुद्रातली बनाना राइड पुढच्या वर्षी.

आधी बुकिंग, मग तपासणीची तारीख

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. एनटी स्कॅन, म्हणजे बाळाच्या मानेमागची जाडी मोजणारी सोनोग्राफी, ११ आठवडे ते १३ आठवडे ६ दिवस एवढ्यातच होतो. तो काळ टळला की टळला. अ‍ॅनोमली स्कॅन, म्हणजे बाळात काही व्यंग आहे का हे पाहणारी सोनोग्राफी, साधारण १८ ते २० आठवड्यांत. "रिसॉर्टचे पैसे भरलेत, दोन आठवड्यांनी करू" असं म्हणू नका. काही शंका निघाली तर पुढच्या तपासण्यांनाही दिवस लागतात, आणि २०२१च्या दुरुस्तीनंतरच्या गर्भपाताच्या कायद्यात २४ आठवड्यांपुढची गंभीर व्यंगाची प्रकरणं वैद्यकीय मंडळाकडे जातात. साखरेची तपासणी २४ ते २८ आठवड्यांत. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तास लॅबमध्ये बसावं लागतं, त्यामुळे ती प्रवासाच्या सकाळी उरकायचा विचार सोडा. कॅलेंडरवर आधी या तारखा लिहा, उरलेल्या शनिवार-रविवारांत सहल बसवा.

"एवढ्याने काय होतंय?"

डोहाळे पुरवायच्या नादात टपरीवरची पाणीपुरी, बर्फ घातलेला उसाचा रस, गोळा हे सगळं होतं. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ई ही कावीळ एरवी बहुतेकांची बरी होते. गरोदरपणी, त्यातही शेवटच्या तिमाहीत, ती जिवावर बेतू शकते. पाणी घरून उकळून न्या, खाणं गरम आणि समोर शिजलेलं असू द्या. गरम भजी, उकडलेली शेंग, भाजलेलं कणीस यांत डोहाळे पुरतात की! वज्रेश्वरीसारख्या गरम पाण्याच्या कुंडात मात्र उतरू नका; अंगाचं तापमान वाढणं बाळाला बरं नाही.

बिघडलं तर

घाटात मळमळलं तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, पुढच्या सीटवर बसा, थोडं लिंबू-मीठ चाटा. संध्याकाळी पाय सुजले तर उशीवर उंच ठेवा. पण रक्तस्राव, अंगावरून पाणी जाणं, थांबून थांबून पोट आवळणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं ठणकणं किंवा बाळाची हालचाल नेहमीपेक्षा मंदावणं, यांतलं काहीही झालं तर "सकाळी बघू" नाही. लगेच दवाखाना, नाहीतर १०८.

डोंगरात रेंज जाते. म्हणून जवळच्या प्रसूती रुग्णालयाचा पत्ता आणि डॉक्टरांचा नंबर कागदावर लिहून फाइलमध्ये ठेवा, आणि ती फाइल डिकीत नको, तिच्या हाताशी असू द्या.