मुलांसाठी वेस्टर्न कादंबरी लिहिताना या चुका टाळा

आठवी-नववीच्या मुलांसाठी लिहिलेल्या वेस्टर्न कादंबरीच्या (म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेच्या पश्चिम भागात घडणाऱ्या कथेच्या) हस्तलिखितात पहिल्या दहा पानांत एक प्रसंग हमखास येतो. नायक टेकडीवर घोडा थांबवतो, समोरच्या मोकळ्या माळाकडे बघतो आणि म्हणतो, "इथे माणूस खरा स्वतंत्र आहे." पुढे अर्धं पान भाषण.

हे भाषण आधी कापा. तो माळ कोणाचा होता आणि तिथे राहायचा हक्क नायकाला कोणत्या कागदाने दिला, हे त्यातून मुलाला कळत नाही. गोऱ्यांची वस्ती जिथे नुकती सरकत होती त्या सरहद्दीवरचं स्वातंत्र्य घोड्याच्या पाठीवर कमी आणि जमीन कचेरीच्या खिडकीपाशी जास्त ठरत होतं, म्हणून प्रसंग तिथे न्या.

वस्ती करणाऱ्याला सरकारी जमीन देणारा होमस्टेड कायदा 20 मे 1862 चा. अंमल 1 जानेवारी 1863 पासून, म्हणजे राष्ट्राध्यक्ष लिंकनची गुलामांच्या मुक्तीची घोषणा लागू झाली त्याच दिवशी. 160 एकर जमीन, शुल्क सगळं मिळून सुमारे 18 डॉलर. घर बांधायचं, जमीन कसायची, पाच वर्षं तिथेच राहायचं आणि शेवटी दोन साक्षीदार उभे करून पट्टा घ्यायचा. अर्जदार 21 वर्षांचा किंवा कुटुंबप्रमुख हवा. शिवाय तो अमेरिकेचा नागरिक हवा, नाहीतर नागरिक होण्याचा इरादा त्याने नोंदवलेला हवा.

आता 1870 च्या दशकात त्या खिडकीपाशी एक रांग लावा. जर्मनीहून आलेला शेतकरी इरादापत्र दाखवतो आणि अर्ज भरतो. एकवीस वर्षांची अविवाहित मुलगीही भरते. तिची लग्न झालेली बहीण नवऱ्यासोबत राहत असेल, तर तिला स्वतःच्या नावावर भरता येत नाही. गुलामीतून सुटलेला माणूस भरू शकतो, पण 1866 चा नागरी हक्क कायदा आणि 1868 ची चौदावी घटनादुरुस्ती झाली म्हणून. 1863 मध्ये त्याला रांगेत उभं केलंत तर चूक झाली. रेल्वेचे रूळ टाकलेला चिनी मजूर परत फिरतो, कारण त्याला नागरिकच होता येत नाही. आणि ज्या टोळीकडून करार करून ती जमीन घेतली गेली, तिचा माणूस रांगेत नाहीच. एवढा प्रसंग नीट लिहिला की स्वातंत्र्य हा शब्द वापरावा लागत नाही. मी तर पहिल्या खर्ड्यात तो शब्द येईल तिथे रेघ मारतो आणि शेजारी लिहितो: कोणाला, कोणत्या साली, कोणत्या कागदावर.

टेक्सासची गोष्ट असेल तर 19 जून 1865 ही तारीख भिंतीवर लावा. गुलामांच्या मुक्तीचा हुकूम टेक्सासातल्या गॅल्व्हस्टनमध्ये वाचला गेला तो त्या दिवशी. त्याआधीच्या टेक्सासात "मुक्त झालेला" कृष्णवर्णीय गुराखी दाखवायचा, तर तो कसा सुटला ते सांगावं लागेल.

दुसरी खोड म्हणजे घोड्याला मोटरसायकल समजणं. एका हस्तलिखितात 1868 साली नायक रात्रभर चौखूर दौडत दीडशे मैल गाठतो, पहाटे कोल्ट पीसमेकर हे पिस्तूल काढतो, सहा गोळ्या झाडतो आणि पुढच्याच ओळीत पुन्हा झाडायला लागतो. तीन वाक्यांत तीन चुका. चौखूर दौड दोन-तीन मैलांत घोड्याचा दम काढते. चाल आणि दुडकी आलटूनपालटून, मध्ये पाणी-चारा देत, दिवसाला तीस-चाळीस मैल पुरे. पोनी एक्सप्रेस या घोडेस्वार टपालसेवेचे स्वार दर दहा-पंधरा मैलांवर घोडा बदलत, तेव्हा कुठे वेग टिकायचा. ती सेवाही एप्रिल 1860 ते ऑक्टोबर 1861 एवढीच चालली. पीसमेकर आली 1873 मध्ये. 1868 च्या बहुतेक पिस्तुलांत प्रत्येक कप्प्यात दारू आणि गोळी ठासायची, मागे ठिणगी पाडणारी छोटी टोपी बसवायची. सहा कप्पे भरायला काही मिनिटं जात. तेवढ्यात शत्रू काय करतो, ते लिहा. ताण तिथेच आहे, आणि घाईने लिहिणारे नेमका तोच फेकून देतात.

बैलगाड्यांचंही तसंच. पश्चिमेकडे वस्तीला जाणाऱ्यांची ओरेगॉन ट्रेल ही वाट सुमारे दोन हजार मैलांची. दिवसाला पंधरा मैल म्हटले तरी चार ते सहा महिने. बहुतेक माणसं गाडीत बसत नव्हती, चालत होती. गाडीत माणशी दीड-दोनशे पौंड पीठ आणि बाकीचा शिधा असे. माळावर लाकूड नसल्यामुळे जळण म्हणून बायसनचं वाळलेलं शेण गोळा करत. मराठी मुलाला गोवऱ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत. हा तपशील वापरा. आणि हल्ल्यांनी गाड्यांचे तांडे नष्ट होत असल्याचं लिहू नका. वाटेत सर्वांत जास्त बळी रोगांनी घेतले, त्यात कॉलरा पुढे.

बाकीच्या चुका थोडक्यात. सगळे गुराखी गोरे दाखवू नका. टेक्सासातून कॅन्ससकडे गुरं हाकण्याच्या चिझम ट्रेल या वाटेवर कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराखी मोठ्या संख्येने होते. "इंडियन" नावाची एकच टोळी नव्हती, म्हणून नाव ठरवा: नवाहो, लाकोटा, चेरोकी, ओसेज. नवाहोंना 1864 मध्ये न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडो छावणीत जबरदस्तीने चालवत नेलं आणि 1868 च्या कराराने ते मायभूमीत परतले. स्वातंत्र्यावर कादंबरी लिहायचीच तर हा विषय समोर आहे. काटेरी तारेचं कुंपण 1874 च्या ग्लिडन पेटंटआधी माळभर पसरवू नका. गावात प्रत्येकाच्या कमरेला पिस्तूल नको. कॅन्ससमधल्या डॉज सिटीत शस्त्र घेऊन फिरायला बंदी होती आणि ॲरिझोनातल्या टूमस्टोन गावातली 26 ऑक्टोबर 1881 ची चकमक तशाच बंदीच्या अंमलबजावणीवरून पेटली. वायोमिंगने बायकांना मताधिकार दिला 1869 मध्ये. नायिकेला फक्त खिडकीत उभी करू नका.

सुरुवात कुठून करावी हे सुचत नसेल तर कॅन्ससमधलं निकोडेमस हे गाव घ्या. 1877 मध्ये केंटकीहून आलेल्या कृष्णवर्णीयांनी ते वसवलं. पुढच्या वर्षी आलेल्या विलियाना हिकमनने गाव कुठे आहे विचारलं, तेव्हा तिला जमिनीतून निघणारा धूर दाखवला गेला. माणसं जमिनीत खणलेल्या घरांत राहत होती. ती रडली, आणि राहिली. यात खलनायक लागत नाही.

पुस्तकाच्या शेवटी दोन पानांची टीप द्या: कोणती माणसं खरी, कोणती कल्पित, कोणती तारीख कथेसाठी हलवली. त्यात एक नोंद मराठी मुलांसाठी ठेवा: पीसमेकर आली त्याच 1873 मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली, आणि गुलामी संपवण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना ती अर्पण केली.