चावीशिवाय कुलूप उघडायचा छंद: सुरुवात कुठनं करायची

पहिलं कुलूप मी चुकीचं आणलं आणि तीन आठवडे त्याच्याशी झटापट करत बसलो. आमच्या बेळगावच्या खडेबाजारातनं चांगलं जाडजूड पितळी कुलूप घेतलेलं, ऑनलाइन मागवलेला पिकचा, म्हणजे कुलूप उघडायच्या बारीक काड्यांचा, सेट आलेला, रात्र रात्र व्हिडिओ बघून झालेले, आणि कुलूप काय ढिम्म हलेना. शेवटी शनिवार खुटाकडं बसणाऱ्या एका चावीवाल्या काकांना नेऊन दाखवलं तर ते हसायलाच लागले. म्हणाले, "हे लिव्हरचं आहे की रे, ह्याला तुझ्या काड्या कशा लागतील?"

तर पहिलं काम हेच, कुलूप घेताना कुलूप बघू नका, चावी बघा. चावी चपटी असून तिच्या एका कडेला करवतीसारखे दात असतील तर ते पिनचं कुलूप, ते आपल्या कामाचं. चावीला लांब दांडी आणि टोकाला पाकळीसारखा तुकडा असेल तर बहुतेक ते लिव्हरचं, आत पिना नसतात, एकावर एक पट्ट्या असतात आणि त्याची हत्यारं वेगळी. आपल्याकडं दुकानाच्या शटरला, गोठ्याला, गोडाऊनला हीच लिव्हरची कुलपं जास्त दिसतात. अलीगढ आणि तमिळनाडूतलं दिंडिगल ही कुलपांची गावं, बेळगावला जसा कुंदा तसं तिथं कुलूप, दिंडिगलच्या कुलपाला २०१९ मध्ये जीआय टॅगसुद्धा मिळाला. बाहेरचे व्हिडिओ बघून शिकणाऱ्याला हे कोण सांगत नाही, कारण तिकडं बहुतेक दारांना पिनचीच कुलपं असतात. चावीवर दातांऐवजी गोल गोल खड्डे असतील तर तेही आत्ता नको. साधं, स्वस्त, तीन-चार पिनांचं छोटं कुलूप घ्या, आणि दोन घ्या, एक बिघडणारच आहे.

आता दोन नियम, आणि हे दोन्ही जगभर हा छंद करणारे लोक पाळतात. कुलूप स्वतःचं पाहिजे नाहीतर मालकानं स्वतः हातात दिलेलं पाहिजे. आणि रोजच्या वापरात असलेल्या कुलपाला हात लावायचा नाही, मग ते स्वतःच्या घराचं का असेना. पहिला नियम सगळ्यांना पटतोय, दुसरा पटायला मला घराच्या दाराचं कुलूप घालवावं लागलं. वडगावच्या घरी एका दुपारी म्हटलं बघू तरी जमतंय का, पिकचं टोक आत तुटलं आणि मग चावीही जाईना. आई भाजीच्या दोन पिशव्या घेऊन पायरीवर तासभर बसून होती, काही बोलली नाही, ते जास्त लागलं. कुलपाचं आतलं सगळं सिलिंडरच, म्हणजे चावी जाते तो गोल भाग, बदलावं लागलं.

आत काय असतंय ते डोळ्यापुढं आलं की निम्मं काम झालं. कुलपाच्या पोटात एक गोल दांडा असतो, चावी फिरते तेव्हा तोच फिरतो. त्या दांड्यातनं आणि बाहेरच्या बॉडीतनं आरपार भोकं पाडलेली असतात, प्रत्येक भोकात खाली एक पिन, वर दुसरी पिन आणि तिच्या डोक्यावर स्प्रिंग. वरची पिन अर्धी दांड्यात अर्धी बॉडीत अशी खुंटीसारखी अडकलेली असते म्हणून दांडा फिरत नाही. बरोबर चावी घातली की सगळ्या जोड्यांमधली फट दांडा आणि बॉडी जिथं मिळतात त्या रेषेवर येते, आणि दांडा सुटतो. लायनस येल नावाच्या अमेरिकन माणसानं १८६१ मध्ये ह्याच रचनेचं पेटंट घेतलं, पण मूळ कल्पना हजारो वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधल्या लाकडी कुलपांची आहे.

मग चावीशिवाय उघडतंय कसं? तर कारखान्यात ती भोकं कधीच एका सरळ रेषेत पडत नाहीत. केसाएवढा का होईना फरक राहतोच. उद्यमबागेत ज्यांनी ड्रिल मशीनवर काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. त्यामुळं दांडा जरासा पिळून धरला की सगळ्या पिना एकदम अडकत नाहीत, आधी एकच अडकते. ती वर ढकलून रेषेवर बसवायची, मग दुसरी कुठली तरी अडकते, मग तिसरी. सगळा खेळ ह्या केसाएवढ्या चुकीवर चाललाय.

हत्यारं दोनच लागतात. एक पिळ द्यायची पट्टी, तिला टेन्शन रेंच म्हणतात, आणि दुसरा हूक, टोकाला जरासा वर वळलेला. सेटमध्ये पंधरा-वीस काड्या येतात त्यातल्या बाकीच्या शोभेच्या समजा. घरी करायचं असेल तर हॅक्सॉचं ब्लेड चांगलं, जाडी साधारण ०.६ मिलिमीटर असते आणि पिकलाही तेवढीच लागते. ग्राइंडरवर घासताना सारखं पाण्यात बुडवत राहायचं, ब्लेड निळं पडलं की त्याची ताकद गेली, मग ते वाकतंय. टेन्शन पट्टीसाठी गॅरेजमध्ये जाऊन गाडीचं जुनं वायपर मागा, रबराच्या बाजूनं स्टीलची बारीक पट्टी असते ती पक्कडीनं काटकोनात वळवली की झालं. कडा कानशीनं नाहीतर पॉलिश पेपरनं गुळगुळीत करा, नाहीतर पिनांवर घासून खरखर होते आणि खरं काय चाललंय ते बोटाला कळत नाही.

आता कुलूप डाव्या हातात धरा, ज्या बाजूला चावीचे दात जातात ती बाजू वर. टेन्शन पट्टी चावीच्या भोकात खालच्या कडेला अडकवा आणि चावी ज्या दिशेला फिरते तिकडं एका बोटानं नुसतं टेकल्यासारखं दाबा. इथंच सगळे चुकतात. मी पट्टी अशी दाबायचो की जणू एसटीचं दार उघडतोय. काका एकदा बघत होते, म्हणाले, "अरे कुलूप काय म्हैस आहे होय ढकलायला?" बोटाचं टोक पांढरं पडलं तर जोर जास्त झाला असं समजा. टेन्शन जितकं कमी तितकं लवकर उघडतंय, हे मी नुसतं कुलपापुरतं बोलतोय.

पट्टीवरचं बोट तसंच ठेवून उजव्या हातानं हूक आत पार शेवटपर्यंत न्या आणि मागनं पुढं येत एकेक पिन हळूच वर उचलून बघा. बाकीच्या पिना स्प्रिंगवर मऊ मऊ खालीवर होतील, एखादीच कडक लागेल. ती आपली. तिला तांदळाच्या दाण्याएवढं सुद्धा नाही, त्याहून कमी, वर सरकवा. बारीकसा टक् आवाज येईल आणि दांडा किंचित, अगदी किंचित फिरल्याचं डाव्या बोटाला कळेल. डोळे मिटून करा, खरंच सांगतोय, बघण्यासारखं काही नसतंयच. मग पुढची कडक पिन शोधायची. क्रम एक-दोन-तीन असाच असेल असं नाही, माझ्या पहिल्या पिनच्या कुलपाचा तीन-एक-चार-दोन होता. कन्नडात चावीला बीगद कै म्हणतात, म्हणजे कुलपाचा हात, लहानपणापासनं ऐकत आलो पण अर्थ तेव्हा कळला, चावी नसली की तो हात आपल्याला व्हावं लागतंय.

अडकलात तर बहुतेक एखादी पिन जास्त वर गेलेली असते, ती आता खालची पिनच रेषेत अडकवून बसते. पट्टी सोडून द्या, सगळ्या पिना टकटक खाली पडतील, परत पहिल्यापासनं. ह्यात कमीपणा काही नाही. लंडनमध्ये पिकॅडिलीतल्या एका दुकानाच्या काचेत १७९० पासनं ब्रामा कंपनीचं कुलूप लावलेलं होतं, उघडून दाखवेल त्याला २०० गिनी बक्षीस म्हणून. साठएक वर्षं कुणाला जमलं नाही. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनाच्या वेळी आल्फ्रेड हॉब्स नावाच्या अमेरिकन कारागिरानं ते उघडलं, सोळा दिवसांत मिळून ५१ तास लागले. आपण अर्ध्या तासात कंटाळून कुलूप भिरकावतो.

दुसरी एक गंमत पुढं भेटेल, दांडा चांगला फिरतो आणि वाटतं उघडलं, पण उघडत नाही. म्हणजे आत कंबर बारीक केलेल्या डमरूसारख्या पिना आहेत, त्या मुद्दाम फसवायला घातलेल्या असतात. तशी पिन उचलली की दांडा उलटा फिरायला बघतो, तेव्हा पट्टी जराशी ढिली सोडून त्याला मागं येऊ द्यायचं, धरून ठेवायचं नाही. हे लगेच जमणार नाही.

आत तेल घालू नका. खोबरेल तर नकोच, धूळ बसून चिखल होतो, आणि आपल्याकडचा पाऊस म्हणजे आधीच जुलैपर्यंत निम्मी कुलपं गंजलेली. पेन्सिलीचं शिसं घासून ती पूड टाका. सेट बॅगेत टाकून गावभर फिरू नका. निवडणुकीच्या दिवसांत महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर पोलिसांनी गाडी थांबवून बॅग उघडायला लावली तर ह्या काड्या छंदाच्या आहेत हे कन्नडात, मराठीत, हिंदीत कशातही पटवून देणं अवघड, रात्री तर जास्तच. घरी टेबलावर राहू देत.

पहिलं कुलूप पाच-सात वेळा उघडलं की हाताला त्याच्या पिना पाठ होतात, मग त्यात शिकायला काही उरत नाही. तेव्हा हार्डवेअरच्या दुकानातनं दाराचं एक सुटं सिलिंडर आणा, मागची क्लिप काढा, चावी थोडी फिरवून दांडा बाहेर काढा आणि त्याच्या मागोमाग तेवढ्याच जाडीची एखादी लाकडी दांडी सरकवत न्या म्हणजे वरच्या पिना खाली सांडत नाहीत. मग एकच जोडी ठेवून सराव करा, नंतर दोन, तीन, आणि जोड्यांची अदलाबदल केली की तेच कुलूप नवं होतंय. हे काम मोठ्या ताटात टॉवेल पसरून करायचं. स्प्रिंगा उडतात, आणि पिना पितळेच्या असतात त्यामुळं चुंबक फिरवून सापडत नाहीत, मी एक पिन अख्खा रविवार सोफ्याखाली शोधत होतो आणि ती निघाली शर्टाच्या खिशात.