शाळेत असतानाच सेवेचं काम उभं करायचं तर

शाळेतल्या सेवागटाची जबाबदारी माझ्याकडे आली, त्या पहिल्या वर्षी आम्ही जुनी गोष्टींची पुस्तकं गोळा केली, एका दिवसात वाटून टाकली, भरपूर फोटो काढले. महिन्याभराने लक्षात आलं, बरीचशी पोरं जोडाक्षरापाशीच अडत होती. पुस्तकं तशीच कोरी. म्हणून आधी पंधरा दिवस नुसतं बघ. कोण कुठे अडतं ते वहीत टिपून ठेव. काय द्यायचं ते त्यानंतर.

काम छोटं घे, पण वार पक्का कर. अमेरिकेतला पोलादाचा बडा उद्योगपती अँड्र्यू कार्नेगी लहानपणी तारेचे निरोप पोचवायचा. कर्नल जेम्स अँडरसन यांनी आपली ४०० पुस्तकं कामकरी मुलांना खुली केली होती. शनिवारी एक न्यायचं, पुढच्या शनिवारी बदलून घ्यायचं, एवढीच पद्धत. पण निरोप्या पोरांना त्यात जागा नव्हती, कारण ती हातकाम करणारी धरली जात नव्हती. कार्नेगीने थेट वर्तमानपत्राला पत्र लिहून प्रवेश मिळवला. पुढे त्याच्या पैशांतून २,५०० हून जास्त ग्रंथालयं उभी राहिली, ते सगळे सांगतात. मला ते पत्र मोलाचं वाटतं. आपण नियम केला की कोण बाहेर राहिलं, हे तपासायचं. आमचा वाचनवर्ग शाळा सुटल्यावर भरायचा, तेव्हा बसने जाणारी मुलं आपोआप गळाली. मग तो मधल्या सुट्टीत आणला.

अभ्यासाचं काय, हे पालक हमखास विचारतात. आठवड्यातून दोनच दिवस दे. परीक्षा जवळ आली की दोन आठवडे आधी सांगून एक दिवस कमी कर. न सांगता गायब होऊ नकोस, लहान मुलं दारात वाट बघत उभी राहतात. शिकवण्याने आपलाही अभ्यास होतो. ‘बेरजेआधी छेद सारखे का करायचे?’ असं पाचवीतल्या पोराने विचारलं, तेव्हा आमची नववीची हुशार मुलगी गप्प झाली. रीत पाठ होती, कारण माहीत नव्हतं.

पैसे गोळा केलेस तर पै न् पैचा हिशोब, दोघांच्या सह्या, आणि कागद फलकावर. यात मैत्री आणायची नाही.

हजेरी, किल्ली, वह्या ही कामं दर सत्राला फिरती ठेव. मग एखाद्या दिवशी मुद्दाम जाऊ नकोस. वर्ग भरला नाही, तर पुढारपण सगळं तुझ्याच खिशात आहे असं समज.

शेवटच्या सत्रात पुढच्या मुलांसाठी एक पान लिहून ठेव. किल्ली कुठे, कोण कितव्या पुस्तकावर, वगैरे. आमच्या एका मुलीने तिच्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं: ‘खिडकीजवळ बसतो त्याला आधी माझ्या कानात वाचायची सवय आहे. सगळ्यांसमोर लगेच उभं करू नका.’